न्यूयॉर्कमध्ये असायलमचा अर्ज: कोण करू शकतं, कागदपत्रं काय लागतात आणि निकाल येईपर्यंत हक्क कोणते

आधी एक गोष्ट क्लिअर करू, असायलम, म्हणजे मायदेशी छळाची भीती असलेल्यांना मिळणारा आश्रय, न्यूयॉर्क शहर देत नाही, तो अमेरिकेच्या केंद्र सरकारचा विषय आहे. शहर देतं ते बाकीचं, म्हणजे शाळा, दवाखाना, निवारा, आणि 'आयडीएनवायसी' हे शहराचं ओळखपत्र. ते कार्ड हातात आलं की स्टेटस झालं असं बरेच जण धरून चालतात, पण इमिग्रेशनशी त्याचा काडीचा संबंध नाही.

पात्रता बघू. मायदेशी छळ झालेला असावा किंवा होईल अशी रास्त भीती असावी, आणि त्यामागे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट या पाचपैकी एक कारण हवं. समलिंगी असल्यामुळे होणारा छळ या शेवटच्या प्रकारात येतो. छळ सरकारच करत असलं पाहिजे असं नाही, दुसरं कोणी करतंय आणि सरकार अडवू शकत नाही किंवा अडवत नाही, तरी चालतं. पण नुसतं कर्ज, बेकारी किंवा जमिनीवरून भाऊबंदकी यावर मिळत नाही, त्रास कितीही खरा असो.

आता सगळ्यात जास्त केसेस जिथे अडकतात ती गोष्ट, मुदत. अमेरिकेत शेवटचं पाऊल ठेवल्यापासून १ वर्षाच्या आत फॉर्म आय-५८९, म्हणजे असायलमचा अर्ज, पोचला पाहिजे. भरायला घेतला, वकील शोधतोय, असलं काही चालत नाही. अपवाद आहेत, म्हणजे मधल्या काळात मायदेशातली परिस्थिती बदलली, गंभीर आजारपण आलं, किंवा तुम्ही इतके दिवस स्टुडंट व्हिसासारख्या कायदेशीर स्टेटसवर होता, पण स्टेटस संपल्यावर मग निवांत बसून चालत नाही, लवकरात लवकर फाइल करावं लागतं. मुदत पूर्णच हुकली तरी 'विथहोल्डिंग ऑफ रिमूव्हल' (म्हणजे जिथे धोका आहे त्या देशात परत न पाठवण्याचं संरक्षण) मागता येतं, त्याला वर्षाची अट नाही, फक्त पुरावा जास्त कडक लागतो आणि त्यातून ग्रीन कार्डची वाट निघत नाही.

फॉर्म कुठे द्यायचा हे तुमच्यावर डिपोर्टेशनची केस सुरू आहे का यावर ठरतं. नसेल तर यूएससीआयएसकडे, म्हणजे केंद्र सरकारच्या इमिग्रेशन खात्याकडे, मग असायलम ऑफिसर मुलाखत घेतो. केस सुरू असेल तर इमिग्रेशन कोर्टात जज्जसमोर. पूर्वी अर्ज फुकट होता, जुलै २०२५ च्या कायद्यापासून १०० डॉलर फी आहे आणि अर्ज पेंडिंग राहिला तर दरवर्षी वेगळी फी, माफी नाही.

कागदपत्रांत पासपोर्टची सगळी पानं, आय-९४ ची (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची) प्रिंट, जन्मदाखला, लग्नाचा दाखला, मुलांचे दाखले. पुराव्यात पोलीस तक्रार, हॉस्पिटलचे पेपर, धमकीचे मेसेज, साक्षीदारांची पत्रं, आणि तुमच्या देशातल्या परिस्थितीवरचे मानवाधिकार अहवाल. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाला पूर्ण भाषांतर, आणि खाली भाषांतर करणाऱ्याने 'मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर अचूक आहे' असं लिहून सही. पण माझ्या मते खरा जीव तुमच्या लेखी जबानीत असतो. आणि तिथे तारखा सांभाळा! अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे ३ एप्रिल म्हणून तुम्ही ०३/०४ लिहिलं की ते ४ मार्च वाचतात, पोलीस तक्रार निघते एप्रिलची, आणि मग मुलाखतीत तुमच्यावरच खोटेपणाचा संशय. त्यापेक्षा सोबत जोडायच्या जबानीत महिना अक्षरात लिहा.

यूएससीआयएसच्या मुलाखतीला इंग्रजी येत नसेल तर दुभाषा तुम्हीच न्यायचा, कोर्टात मात्र सरकार देतं. वकील सरकार देत नाही, ठेवण्याचा हक्क आहे पण पदरचे पैसे घालून. न्यूयॉर्कमध्ये मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत, तिथे रांग लावा. 'शंभर टक्के काम करून देतो' म्हणत रेडिमेड स्टोरी विकणाऱ्या एजंटच्या नादी अजिबात लागू नका, जाणूनबुजून खोटा अर्ज केल्याचं ठरलं तर इमिग्रेशनचे जवळपास सगळे दरवाजे कायमचे बंद होतात, आणि फॉर्मवर सही तुमची असते, त्याची नाही.

निकाल येईपर्यंत काय मिळतं? वर्क परमिट लगेच नाही, अर्ज केल्यापासून १८० दिवसांच्या आत ते देताच येत नाही, आणि तुम्ही स्वतः तारीख पुढे ढकलून घेतली तर हे घड्याळ थांबू शकतं. मुलांना सरकारी शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, हा सुप्रीम कोर्टाचा १९८२ चा निकाल आहे. इमर्जन्सीत हॉस्पिटल तपासणी आणि तातडीचे उपचार नाकारू शकत नाही. इमिग्रेशन स्टेटस बघून घरमालकाने त्रास देणं शहराच्या कायद्यात बसत नाही. निवाऱ्याचा हक्क १९८१ च्या कोर्टातल्या समझोत्यातून आलाय, पण २०२४ च्या समझोत्यात नवीन आलेल्या एकट्या प्रौढांना दिवसांची मर्यादा घातली गेली. आणि हो, अर्जातली माहिती मायदेशाच्या सरकारला देत नाहीत, ही भीती बऱ्याच जणांना असते.

पत्ता बदलला तर यूएससीआयएसला १० दिवसांत कळवा, केस कोर्टात असेल तर कोर्टाला वेगळं, ५ दिवसांत. एकाला कळवलं म्हणजे दुसऱ्याला कळलं असं होत नाही, नोटीस जुन्या घरी जाते, तारीख चुकते आणि तुमच्या गैरहजेरीतच डिपोर्टेशनची ऑर्डर निघते. अर्ज पेंडिंग असताना 'अ‍ॅडव्हान्स परोल' (म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी) न घेता देशाबाहेर गेलात तर अर्ज सोडून दिला असं धरतात.

मंजूर झाला तर १ वर्षानंतर ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो. जोडीदार आणि २१ खालची अविवाहित मुलं मायदेशी राहिली असतील तर त्यांच्यासाठी फॉर्म आय-७३० मंजुरीपासून २ वर्षांच्या आत भरायचा.