गॅन बक कन्व्हर्टर : सिम्युलेशनमधील दोषशोधन

गॅलियम नायट्राइड, बोलीत ‘गॅन’, ट्रान्झिस्टर आणि त्यांचा गेट ड्रायव्हर (त्यांना चालू-बंद करणारे सर्किट) घेऊन केलेल्या बक कन्व्हर्टरचे (जास्त डीसी व्होल्टेज उतरवून देणाऱ्या सर्किटचे) सिम्युलेशन अडले किंवा न पटणारे आलेख देऊ लागले, की चूक हुडकण्याची पद्धत. अशी सिम्युलेशन्स बहुधा स्पाइस (सर्किटचे वर्तन गणिताने काढणारी संगणक प्रणाली) घराण्यातील प्रणालींवर चालतात. मूळ स्पाइस १९७३ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉरेन्स नेगल आणि त्यांचे मार्गदर्शक डोनाल्ड पेडरसन यांच्या कामातून आले.

पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्याची जुनी रीत सोपी : बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून सुटे भाग आणायचे, ब्रेडबोर्डवर खोचायचे आणि ऑसिलोस्कोपचा प्रोब लावून बघायचे. गॅनपाशी ही रीत थांबते. यातले बरेच ट्रान्झिस्टर पाय नसलेल्या, काही मिलिमीटरांच्या चिपच्या रूपात येतात. शिवाय साध्या वायरचा दर मिलिमीटर ढोबळमानाने १ नॅनोहेन्री इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला होणारा विरोध) आणतो आणि गॅनच्या पॉवर लूपला (मुख्य प्रवाहाच्या बंद मार्गाला) एकूण तेवढाच परवडतो. म्हणून इथे सिम्युलेशन आधी, सोल्डरिंग नंतर.

सिम्युलेशन मुळीच न चालणे हा त्यातल्या त्यात प्रामाणिक दोष. ‘टाइम स्टेप टू स्मॉल’ (गणनेचे वेळेतले पाऊल फारच लहान झाले) असा संदेश आला, की लोक सहनमर्यादेचे (किती चूक चालवून घ्यायची याचे) आकडे सैल करू लागतात. ते शेवटी करावे. आधी अधांतरी नोड (ग्राउंडपर्यंत वाट नसलेला जोडबिंदू) आहे का, मॉडेलमधील पिनांचा क्रम आकृतीतील चिन्हाच्या क्रमाशी जुळतो का, हे पाहावे. एकके तर हमखास दगा देतात. १ मेगओहमसाठी नुसते ‘१एम’ लिहिले तर स्पाइस १ मिलिओहम वाचते. ‘मेग’ लिहावे लागते. कपॅसिटरपुढचे ‘१एफ’ म्हणजे एक फॅरड नव्हे, एक फेम्टोफॅरड! पल्स स्रोताचा चढणीचा वेळ शून्य दिला, तर काही प्रणाली स्वतःच्या मर्जीने वेळ धरतात आणि २० नॅनोसेकंदांचा डेड टाइम (दोन्ही ट्रान्झिस्टर बंद ठेवण्याची फट) त्यात गडप होतो.

खरा घातक दोष म्हणजे सुरळीत चाललेले पण खोटे सिम्युलेशन. ४८ व्होल्टवरून १२ व्होल्ट, १ मेगाहर्ट्झ असा कन्व्हर्टर घेऊ. ड्यूटी (फेरीतील चालू वेळेचा वाटा) २५ टक्के, म्हणजे वरचा, पुरवठ्याकडचा ट्रान्झिस्टर दर फेरीत २५० नॅनोसेकंद चालू. नवखा माणूस वरच्या गेटचे व्होल्टेज ग्राउंडपासून मोजतो, ५३ व्होल्ट पाहून दचकतो आणि ड्रायव्हरच बिघडला म्हणतो. मोजायला हवा तो गेट आणि स्विच नोड (दोन ट्रान्झिस्टरांमधला जोडबिंदू) यांतला फरक. तो ५ च्या आसपास हवा. या वर्गातल्या अनेक ट्रान्झिस्टरांची कमाल मर्यादा ६ व्होल्ट असते. सिलिकॉन मॉसफेटच्या (नेहमीच्या पॉवर ट्रान्झिस्टरच्या) सवयीने १२ व्होल्टचा ड्राइव्ह जोडला तरी सिम्युलेटर हूं की चूं करत नाही, कारण मॉडेल जळत नाही.

हीच गोष्ट बूटस्ट्रॅप कपॅसिटरची, म्हणजे वरच्या गेटसाठी ऊर्जा साठवणाऱ्या कपॅसिटरची. गॅनमध्ये मॉसफेटसारखा बॉडी डायोड (रचनेतच आपोआप तयार होणारा डायोड) नसतो. त्यामुळे रिव्हर्स रिकव्हरीचा (डायोड बंद होताना क्षणभर उलट वाहणाऱ्या प्रवाहाचा) तोटा टळतो, पण उलट प्रवाह वाहताना २ ते २.५ व्होल्ट पडू शकतात. डेड टाइममध्ये स्विच नोड तेवढा शून्याखाली जातो आणि त्याच वेळी ५ व्होल्टच्या पुरवठ्यातून बूटस्ट्रॅप भरत असतो. डायोडचा अर्धा व्होल्ट वजा केला तरी कपॅसिटरवर ७ व्होल्टपर्यंत चढू शकतात. गॅनसाठी बनवलेल्या काही ड्रायव्हरांत यासाठी क्लॅम्प (व्होल्टेज मर्यादेत रोखणारी सोय) असतो. साध्या आदर्श डायोडने रेखाटलेल्या ड्रायव्हरमध्ये तो नसतो. उलट तक्रारही येते : वरचा ट्रान्झिस्टर चालूच होत नाही. तेव्हा खालचा, ग्राउंडकडचा, एकदा तरी चालू होऊन बूटस्ट्रॅप भरला का, हे पाहावे.

आलेख फारच गुळगुळीत असेल तर पॉवर लूपमध्ये १ नॅनोहेन्री घालून पाहावा. स्विच नोडची धारिता ४०० पिकोफॅरड धरली, तर सुमारे २५० मेगाहर्ट्झची थरथर उमटायला हवी. कमाल टाइम स्टेप ५ नॅनोसेकंद ठेवली असेल तर मात्र ती दिसूनही न दिसल्यासारखी, कारण एका आवर्तनात एखादाच बिंदू पडतो. अर्ध्या नॅनोसेकंदाच्या खाली उतरावे लागते. मग फाइल फुगते, लॅपटॉपचा पंखा घरघरू लागतो. १ मिलिसेकंदाचा सॉफ्ट स्टार्ट (आउटपुट हळूहळू चढवणे) म्हणजे हजार फेऱ्या. त्यापेक्षा आउटपुट कपॅसिटरला सुरुवातीलाच १२ व्होल्ट देऊन थोड्याच फेऱ्या तपासाव्यात, पण त्या वेळी बूटस्ट्रॅपलाही सुरुवातीचे व्होल्टेज द्यायला विसरू नये.

कार्यक्षमता ९९.८ टक्के आली, तर पेढे वाटण्याआधी इंडक्टरचा डीसी रोध शून्य आहे का ते बघावे. बहुधा असतो.