वराहांचा लाळनमुना

डुकरांना सुती दोर चघळायला देऊन रोगतपासणीसाठी गोळा केलेला तोंडातला द्रव. त्यात लाळेबरोबर हिरड्यांच्या कडेने पाझरणारा रक्तद्रवाचा अंशही असतो. म्हणून पीसीआरला (जनुके शोधणारी चाचणी) विषाणू आणि एलायझाला (प्रतिपिंडे मोजणारी चाचणी) प्रतिपिंडे, म्हणजे रोगाविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिने, दोन्ही याच द्रवात सापडू शकतात. पीआरआरएस (प्रजनन व श्वसनाचा रोग), वराह इन्फ्लुएन्झा, सर्कोव्हायरस या डुकरांच्या विषाणुजन्य आजारांसाठी हा नमुना घेतात. पीआरआरएस भारतात प्रथम २०१३ मध्ये मिझोराममध्ये आढळला.

दोर तीन पेडांचा, पांढऱ्या कच्च्या सुताचा हवा. मोठ्या डुकरांना सुमारे १.६ सें.मी. आणि दूध तुटलेल्या पिल्लांना १.३ सें.मी. जाडीचा पुरतो. कासऱ्यासाठी बाजारात मिळणारा नायलॉनचा दोर लाळ शोषत नाही. पोळ्याला रंगवलेला सुती कासरा तर नकोच, रंग नमुन्यात उतरतो. साधारण २५ जनावरांमागे एक दोर, गव्हाण आणि पाण्यापासून दूर, टोक डुकराच्या खांद्याच्या उंचीला येईल असा गजाला पक्का बांधतात. खाली लोंबला की शेण-मूत लागते आणि त्याने पीसीआर बिघडते.

सकाळी डुकरे हुशारीत असतात, तेव्हा २० ते ३० मिनिटे दोर ठेवतात. पहिल्या दिवशी बरीच डुकरे नुसती हुंगून जातात. आदल्या दिवशी तसाच दुसरा दोर टांगून सवय लावली तर काम सोपे होते. भिजलेले टोक स्वच्छ प्लास्टिक पिशवीत घेऊन बाहेरूनच वरून खाली पिळतात, पिशवीचा कोपरा कापून द्रव झाकणाच्या नळीत ओततात. नळीवर डुकरांचा कप्पा, वय, तारीख तिथेच लिहावी; बर्फात ओलसर झालेल्या नळीवर पेन चालत नाही. दर कप्प्याला नवा दोर आणि नवे हातमोजे.

खरी अडचण उन्हाची. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपार जातो आणि गाडीत राहिलेल्या नळीतली प्रतिपिंडे व विषाणूंची जनुके झपाट्याने विघटित होतात. पिळल्याबरोबर नळी बर्फाच्या थर्माकोल पेटीत जावी, ४ अंशांवर ठेवावी. पोचायला काही दिवस लागणार असतील तर गोठवावी. वितळवून पुन्हा गोठवू नये. लाळेत प्रतिपिंडे रक्तजलापेक्षा (सीरम) खूपच विरळ असतात, म्हणून रक्ताची एलायझा मोजमापे तशीच लावता येत नाहीत. नमुना लाळेचा आहे हे प्रयोगशाळेला आधीच कळवावे लागते.

हा नमुना एका डुकराचा नसून कप्प्याचा असतो. उकिरड्यावर मोकाट फिरणाऱ्या डुकरांना ही पद्धत लागू पडत नाही. शिवाय तापाने पडलेले डुक्कर दोराकडे येतच नाही. त्यामुळे कप्प्याचा अहवाल निगेटिव्ह आला तरी कोपऱ्यात पडलेल्या जनावराचे रक्त वेगळे घ्यावे लागते. आफ्रिकन स्वाइन फीवर या डुकरांच्या जीवघेण्या विषाणुजन्य रोगाचा संशय असेल तर पशुसंवर्धन विभागाला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या रोगाची खात्री भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते.