कानस परत कशी आली: घरी जुळवलेल्या पिस्तुलामागची पार्श्वभूमी

अमेरिकेतला हौशी नेमबाज घरच्या बाकावर पंचेचाळीसचं पिस्तूल जुळवायला बसतो तेव्हा त्याच्या पुढ्यात एका कंपनीची फ्रेम (मुठीसकटचा खालचा सांगाडा), दुसरीची स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) आणि तिसरीच कंपनीची नळी असते. बऱ्याच पाकिटांवर 'ड्रॉप-इन' छापलेलं असतं, म्हणजे टाकलं की बसलं. प्रत्यक्षात कानस हातात घ्यावीच लागते. काही भाग तर मुद्दाम मापापेक्षा जाड ठेवून विकले जातात, गिऱ्हाइकाने घासून बसवावेत म्हणून. ज्या पिस्तुलाभोवती हा सगळा छंद उभा आहे ते 1911 सालचं, आणि कानस लागू नये ही त्याच्या जन्माच्या वेळची अट होती.

आयटीआयमध्ये फिटर ट्रेड केलेल्याला यातली मेख लगेच कळेल. मेल-फिमेलचा जॉब आठवा. एका तुकड्याला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारा दात. निळा रंग लावायचा, जोडून बघायचं, जिथे निळा पुसला गेला तेवढ्याच जागी कानशीचा हलका हात फिरवायचा. उजेडासमोर धरल्यावर फटीतून प्रकाश दिसता कामा नये. दोन थाऊ (इंचाचे हजारावे भाग) जास्त गेले की तुकडा भंगारात, कारण घासलेलं लोखंड परत चिकटत नाही. आणि सगळं जमलं तरी तुमचा दात शेजारच्या पोराच्या खाचेत बसेलच असं नाही. सैन्याला नेमकं हेच नको होतं. रणांगणावर एका बंदुकीचा मोडलेला भाग काढून दुसरीचा बसवता आला पाहिजे.

ही कल्पना फ्रान्समधली, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. अमेरिकेत 1801 साली वॉशिंग्टनमध्ये एका कंत्राटदाराने सुट्या भागांच्या ढिगातून बंदुकीच्या चापाच्या यंत्रणा जुळवून दाखवल्या आणि नाव कमावलं. पुढे त्याच्या बंदुका तपासल्या तर त्यांचे भाग एकमेकांत बसेनात. खरं काम हार्पर्स फेरीच्या शासकीय कारखान्यात 1820 च्या दशकात झालं. 1842 च्या नमुन्याची मस्केट येईपर्यंत ते सरकारी कारखान्यांत रुळलं होतं.

खासगी कारखान्यांचं तसं नव्हतं. कनेटिकटमधल्या हार्टफर्डच्या रिव्हॉल्वरांचा यंत्रावर बनलेलं शस्त्र म्हणून जगभर गाजावाजा झाला, 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात लोक ती बघायला थांबले. पण आत कानस चालूच होती. भाग मऊ असताना घासून बसवायचे, प्रत्येकावर नंबर मारायचा, सगळं सुटं करून कडक करायचं आणि नंबर बघून पुन्हा जोडायचं. आज संग्राहक 'सगळे नंबर जुळतात' म्हणून अशा जुन्या शस्त्राला जास्त किंमत देतात. तो नंबर मुळात कुठला भाग कुठल्या शस्त्राचा हे कामगाराला कळावं म्हणून होता. भाग खरोखर अदलाबदल होण्याजोगे असते, तर त्याची गरजच पडली नसती.

मार्च 1911 मधल्या चाचणीत सुरुवातीला सांगितलेल्या पंचेचाळीसच्या पिस्तुलातून दोन दिवसांत 6000 गोळ्या झाडल्या गेल्या आणि ते अडकलं नाही. त्याच महिन्याच्या 29 तारखेला अमेरिकी सैन्याने ते स्वीकारलं. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या 19 लाखांच्या आसपास प्रती निघाल्या, त्यांतल्या बऱ्याच टाइपरायटर करणाऱ्या आणि रेल्वेचे सिग्नल करणाऱ्या कारखान्यांतून. शिलाई मशीनवाल्या एका कंपनीने जेमतेम 500 केली आणि ती आज सोन्याच्या भावाने जातात. इतक्या वेगवेगळ्या ठिकाणचे भाग एकमेकांत बसायचे तर मापांत मोकळीक ठेवावीच लागते. म्हणून सैन्यातलं पिस्तूल हलवलं की खुळखुळतं. लोक त्याला ढिसाळ काम समजतात. ते तसं नव्हतं. चिखल-वाळूत चालावं आणि कुणाचाही भाग बसावा, याची ती किंमत होती.

1945 नंतर सैन्याने नवी पिस्तुलं घेतली नाहीत, जुनीच दुरुस्त करून 1985 पर्यंत आणि काही तुकड्यांत त्याहीनंतर वापरली. कानस परत आली ती स्पर्धांमुळे. ओहायोतल्या कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय स्पर्धेत 50 यार्डांवरच्या निशाण्याला खुळखुळणारं पिस्तूल चालत नाही. 1950 च्या दशकाच्या मध्यापासून शासकीय कारखान्यांतच निवडक पिस्तुलं स्पर्धेसाठी हाताने घट्ट बसवून दिली जाऊ लागली. ज्या सैन्याने शंभर वर्षं खर्चून कानस घालवली, त्याच सैन्याचे कारागीर ती पुन्हा घेऊन बसले, आणि निवृत्त झाल्यावर हाच हात त्यांनी आपापल्या गॅरेजमध्ये नेला. 1970 साली हे पिस्तूल मूळ बनवणाऱ्या कंपनीने यावर तोडगा म्हणून नळीच्या तोंडाशी स्प्रिंगसारख्या बोटांचं बुशिंग (नळी घट्ट धरणारी कडी) आणलं, म्हणजे हाताने घासावं न लागता नेम सुधारेल. नेम सुधारला, पण बोटं अधूनमधून तुटायची आणि पिस्तूल अडकायचं. अठराएक वर्षांत तो प्रयोग गुंडाळला गेला.

हे सगळं कारागिरीचं झालं. घरी पिस्तूल जुळवता येतं याचं कारण मात्र कायद्यातल्या एका शब्दात आहे, आणि तो शब्द अजून नीट सुटलेला नाही: फ्रेम.

1938 च्या अमेरिकी कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत त्याचा 'कोणताही भाग' येत होता. म्हणजे स्प्रिंगसुद्धा शस्त्र. प्रत्येक खिळ्या-स्प्रिंगवर नियंत्रण ठेवणं व्यवहारात जमेना, म्हणून 1968 च्या कायद्याने व्याख्या आवळली: फ्रेम किंवा (रायफलीत) रिसीव्हर हेच शस्त्र, बाकीचे नुसते सुटे भाग. 1963 च्या डॅलसमधल्या राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हत्येतली रायफल टपालाने मागवलेली होती, त्यामुळे टपालाने बंदूक मागवणं या कायद्याने बंद केलं. पण नळी, स्लाइड, हॅमर (चाप ओढला की आदळणारा घोडा) टपालानेच येत राहिले. फ्रेम तेवढी परवानाधारक दुकानातून घ्यायची आणि तिच्यावर उत्पादकाचा नंबर हवा. सुट्या भागांची जाडजूड कॅटलॉगं निघाली ती या फटीतून.

फ्रेम म्हणजे काय, हे नियमावलीत सांगितलं होतं. जो भाग हॅमर, ब्रीच (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) आणि चापाची यंत्रणा सामावून घेतो आणि ज्याच्या पुढच्या टोकाला सहसा नळीसाठी आटे असतात, तो. आता 1911 सालचं हे पिस्तूल समोर ठेवून बघा. हॅमर फ्रेममध्ये, ब्रीच वरच्या स्लाइडमध्ये, फायरिंग पिनही (गोळीच्या बुडावर आदळणारी सुई) स्लाइडमध्येच. नळीचे आटे कुठेच नाहीत. अक्षरशः वाचलं तर या पिस्तुलाचा एकही भाग व्याख्येत बसत नाही. अनेक दशकं सगळ्यांनी समजून-उमजून खालच्या भागाला फ्रेम म्हटलं आणि काम चाललं. 2016 पासून एका लोकप्रिय रायफलच्या खालच्या भागावरून हाच मुद्दा कोर्टात निघाला, तेव्हा सरकारी वकिलांना काही खटले सोडून द्यावे लागले.

त्यात 'ऐंशी टक्के' नावाचं प्रकरण वाढलं. हा आकडा कायद्यात कुठेही नाही, तो बाजाराने काढला. फ्रेम ऐंशीएक टक्केच तयार करून अर्धवट ठेवली तर ती अजून शस्त्र नाही, म्हणून नंबर नाही, घेणाऱ्याची चौकशी नाही. आधी धातूच्या अशा फ्रेमवर राबणारे थोडेच होते, त्याला लागणारा हात सगळ्यांकडे नसतो. प्लास्टिकच्या फ्रेमचे तयार संच आल्यावर हाताची गरज संपली आणि बिननंबरी पिस्तुलं गुन्ह्यांत सापडू लागली. मला यात एक विसंगती कायम खटकते. ज्याला कानस धरताच येत नाही त्याने वाद ओढवून घेतला आणि नाव 'घरी पिस्तूल बनवणारे' असं सरसकट पडलं.

2022 च्या नव्या नियमाने पिस्तुलाची फ्रेम म्हणजे हॅमर किंवा स्ट्रायकर (काही पिस्तुलांत हॅमरऐवजी असणारी स्प्रिंगची पिन) अडवून धरणारा सिअर ज्यात बसतो तो भाग, असं ठरवलं, आणि सहज पूर्ण करता येणारे संचही शस्त्रांत धरले. मार्च 2025 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी हा नियम उचलून धरला. भारतात असा वाद उभाच राहू शकत नाही: 1959 च्या शस्त्र अधिनियमात 'शस्त्र' म्हणजे त्याचे भागही आणि ते बनवण्याची यंत्रंही. परवान्याशिवाय शस्त्र बनवलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप.

जाड भाग घासून बसवणाऱ्या तिकडच्या जुन्या हौशी माणसाचं नव्या नियमाने फारसं काही अडलं नाही. तो फ्रेम पूर्वीपासून दुकानातूनच घेतो. व्हाइसच्या पकडीत अडकवण्याआधीच तिच्यावर नंबर असतो, फक्त तो आता कामगाराने वाचावा म्हणून मारलेला नसतो.