जुन्या एक्सपीला नव्या नॅसचं दार

सांगलीला काकांच्या डीटीपीच्या खोलीत दोन कॉम्प्युटर आहेत. एकावर बिलं, ई-मेल आणि गिऱ्हाइकांचं व्हॉट्सॲप चालतं. दुसऱ्यावर धंदा चालतो. हा दुसरा विंडोज एक्सपीचा. त्याच्या पाठीमागच्या पॅरलल पोर्टात एक डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्ली असलेली डबी, खोचलेलं आहे आणि ते नसेल तर मराठी फाँटचं सॉफ्टवेअर उघडतच नाही. पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, दिवाळी अंकांच्या जाहिराती साठलेल्या आहेत. फाँट युनिकोडच्या आधीचे, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले. तीच फाइल नव्या कॉम्प्युटरवर उघडली की 'आमचे येथे श्रीकृपेकरून'च्या जागी नुसता अक्षरांचा कचरा दिसतो. त्यामुळे 'एक्सपी टाकून द्या' असा सल्ला देणाऱ्यांनी आधी त्या पत्रिका पुन्हा टाइप करायला बसावं, असं माझं मत आहे.

गेल्या वर्षी या एक्सपीची ८० जीबीची हार्ड डिस्क टकटक वाजायला लागली. काम कसंबसं वाचलं. मग मी घरासाठी नॅसची पेटी आणली, म्हणजे नेटवर्कला जोडून सगळ्यांच्या फाइल एका जागी ठेवणारी डिस्कची पेटी. आत ४ टीबीच्या दोन डिस्क, एकीवर जे लिहिलं जाईल तेच दुसरीवरही. एक गेली तरी माल शाबूत. नवा कॉम्प्युटर आणि घरातले फोन पाच मिनिटांत जोडले गेले. एक्सपी मात्र अडून बसला. रनमध्ये पेटीचा पत्ता टाकला, १९२.१६८.१.२०. थोडा वेळ वाळूचं घड्याळ फिरलं आणि निरोप आला, 'द स्पेसिफाइड नेटवर्क नेम इज नो लाँगर अव्हेलेबल'. पिंग करून, म्हणजे 'आहेस का' अशी नेटवर्कवरून हाक मारून पाहिलं तर पेटी तत्परतेने उत्तर देत होती. म्हणजे वायर ठीक, पत्ता ठीक, आणि तरीही दार बंद.

"४ टीबीची डिस्क या म्हाताऱ्याला झेपत नसेल," काका म्हणाले. हा संशय बऱ्याच जणांना येतो, आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही. डिस्कच्या खणांना ३२ बिटांचे क्रमांक द्यायचे आणि प्रत्येक खण ५१२ बाइटचा धरायचा, तर हिशोब सुमारे २ टीबीवर संपतो. पुढच्या खणांना द्यायला नंबरच उरत नाहीत. एवढी मोठी डिस्क एक्सपीच्या आत बसवली असती तर हीच अडचण आली असती. पण नॅसचं तसं नसतं. ती पेटी म्हणजे बहुधा लिनक्सवर चालणारा एक स्वतंत्र छोटा कॉम्प्युटरच, आणि तिच्या डिस्क एक्सपीला कधी दिसतच नाहीत. जुन्या वाचनालयात कपाटांपर्यंत वाचकांना सोडत नसत. खिडकीवर चिठ्ठी द्यायची, आतला माणूस पुस्तक आणून हातात ठेवणार. आत कपाटं किती, ती लाकडी की लोखंडी, याच्याशी वाचकाला कर्तव्य नसतं. एक्सपीही अशीच चिठ्ठी देतो, 'अमुक फोल्डरमधली तमुक फाइल द्या'. भांडण होतं ते चिठ्ठीच्या भाषेवरून.

त्या भाषेचं नाव एसएमबी, म्हणजे सर्व्हर मेसेज ब्लॉक. १९८३ मध्ये आयबीएममध्ये बॅरी फायगेनबाउम यांनी ती घडवली; सुरुवातीला तिला त्यांच्याच नावाची आद्याक्षरं होती, 'बीएएफ'. पुढे मायक्रोसॉफ्टने ती उचलली आणि दर काही वर्षांनी तिच्यात भर घातली. डॉस आला, आयबीएम-मायक्रोसॉफ्टचं ओएस/२ आलं, मग विंडोज एनटी. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, आणि जुन्याला दुखवायचं नाही हा बाणा. एकत्र कुटुंबाच्या माळ्यावर जसं साठत जातं तसं झालं. पहिल्या एसएमबीतल्या आज्ञा आणि पोटआज्ञा शंभराच्या वर गेल्या. २००६ च्या विंडोज व्हिस्टासोबत एसएमबी २ आलं तेव्हा माळा रिकामा केला गेला आणि उरल्या १९ आज्ञा. एक्सपी २००१ चा. त्याला हे नवं बोलणं कुणी शिकवलंच नाही.

नॅसमध्ये लिनक्स असल्यामुळे त्यातच टीसीपीडंप हे वायरवरचे निरोप टिपणारं साधन चालवून मी दोघांचा पहिला संवाद पकडला. हे एकदा डोळ्यांनी पाहण्यासारखं आहे. एक्सपी जो पहिला निरोप धाडतो, त्यात सुरुवातीला २५५ हा आकडा असतो आणि लगेच एस, एम, बी ही तीन अक्षरं. मग येते आपल्याला येणाऱ्या बोलींची यादी, सरळ वाचता येईल अशा अक्षरांत: पीसी नेटवर्क प्रोग्रॅम १.०, लॅनमॅन १.०, विंडोज फॉर वर्कग्रुप्स ३.१ए, एलएम १.२एक्स००२, लॅनमॅन २.१ आणि शेवटी एनटी एलएम ०.१२. सहा बोली, थेट ऐंशीच्या दशकापासूनच्या. समोरच्याने यातली एक निवडून तिचा क्रमांक कळवायचा, शून्यापासून मोजून. एरवी उत्तर '५' यायचं, म्हणजे शेवटची बोली. आमच्या पेटीने यादी घेतली आणि काही न बोलता जोडणी तोडली. नव्या एसएमबीचा पहिला आकडा २५५ नसून २५४ असतो. उंबऱ्यावरच, पहिल्याच बाइटला, कोण कुठल्या पिढीचं ते कळतं.

पेटीच्या आत ही भाषा बोलणारं सॉफ्टवेअर असतं सांबा, आणि त्याचा जन्म मायक्रोसॉफ्टच्या घरात झालेला नाही. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला पीएचडी करणाऱ्या अँड्रू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमाराला वायरवरून जाणारे निरोप न्याहाळून ते लिहायला घेतलं. त्यांनीच पुढे उपमा दिली आहे: भाषा न येणाऱ्या माणसाने फ्रेंच उपाहारगृहात बसावं, कोण काय म्हणतं आणि त्याच्या टेबलावर काय येतं ते बघत राहावं. नावाचीही गंमत आहे. आधीच्या नावाला एका कंपनीची हरकत आली, तेव्हा ज्यात एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येतात असे शब्द त्यांनी कॉम्प्युटरमधल्या शब्दयादीत शोधले. त्यातला एक निघाला सांबा. या सांबाने सप्टेंबर २०१९ च्या ४.११ आवृत्तीत ठरवलं, की मालकाने मुद्दाम सांगितल्याशिवाय जुन्या एसएमबी १ ला दारात उभं करायचं नाही.

इतका कडकपणा का, याचं उत्तर २०१७ सालात आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेचं म्हणून ओळखलं जाणारं 'इटर्नल ब्लू' हे हत्यार इंटरनेटवर फुटलं. ते घुसायचं विंडोजच्या एसएमबी १ मधून, आणि नेमकं कुठून हे कळलं की माळ्यावरच्या त्या सामानाची किंमत कळते. फाइलला चिकटवलेल्या जादा माहितीची यादी ओएस/२ च्या पद्धतीतून एनटीच्या पद्धतीत बदलून घेणारा एक छोटा भाग होता. यादीची लांबी मोजलेली ३२ बिटांत. ती दुरुस्त करून लिहिताना मात्र बदलायचे फक्त खालचे १६ बिट, ज्यांत ६५,५३५ च्या पुढचा आकडा मावत नाही. मुद्दाम लांब यादी पाठवली की वरचे बिट जुनेच राहून आकडा फुगायचा. मग राखलेली जागा कमी आणि ओतलेला माल जास्त. उतू गेलेला माल कुठे पडावा हे ठरवता आलं, की कॉम्प्युटर परक्याच्या हातात. ज्या ओएस/२ ची आठवणही फारशी कुणाला नव्हती, त्याच्या जुन्या पद्धतीचा मान राखण्यासाठी ठेवलेली ही खिडकी.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारं सॉफ्टवेअर याच खिडकीतून शिरलं आणि सुमारे १५० देशांत दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर त्याने कुलूपबंद केले. त्यातले बहुतेक विंडोज ७ चे होते, तरी मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठीही दुरुस्ती काढली, पाठिंबा बंद करून तीन वर्षं झाली असताना. जूनअखेरीस नॉटपेट्या हे तसंच दुसरं आलं. त्याचा तडाखा मर्स्क या जहाज कंपनीला बसला आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या त्यांच्या गटाच्या टर्मिनलचं कामही अडलं.

कुणी म्हणेल, तो दोष विंडोजमधला, तुमच्या पेटीत तर सांबा आहे. बरोबर आहे. पण एसएमबी १ च्या अडचणी तेवढ्यावर थांबत नाहीत. त्यात मजकूर सांकेतिक करण्याची सोय नाही, आणि पेटीने ते स्वीकारायचं ठरवलं की मध्ये बसलेला लबाड नव्या कॉम्प्युटरलाही जुन्या बोलीवर उतरवू पाहू शकतो. बहुतेक पेट्यांच्या सेटिंगमध्ये 'किमान एसएमबी'च्या जागी १ निवडता येतं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि जो तो पहिल्यांदा हेच सुचवतो. आमच्या पेटीत घरातल्या सगळ्यांचे फोटो, सात-बाराचे उतारे, काकूंच्या तपासण्यांचे अहवाल आहेत. एका कॉम्प्युटरसाठी त्या सगळ्याचं दार सैल करणं मला पटलं नाही.

शिवाय तेवढ्याने भागतही नाही. भाषा जुळली तरी पुढे पासवर्डाचं कुलूप आहे. एक्सपी मूळ सेटिंगमध्ये पासवर्डाचं उत्तर दोन जुन्या पद्धतींनी पाठवतो. त्यातली सर्वांत जुनी एलएम. तिच्यात पासवर्डातली सगळी अक्षरं आधी कॅपिटल होतात, मग १४ जागांत बसवून त्यांचे सात-सातचे दोन तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचा ठसा वेगळा निघतो. चौदा खटक्यांचं कुलूप म्हणून विकत घ्यावं आणि हातात सात-सात खटक्यांची दोन यावीत, तसं. सात जागांच्या शक्यता होतात साधारण साडेसात लाख कोटी. ऐकायला मोठा आकडा, पण आजच्या ग्राफिक्स कार्डाला तो चहा होईपर्यंत संपवता येतो. सांबाने २०१६ पासून एलएमच काय, तिच्या पुढची एनटीएलएमची पहिली आवृत्तीही नाकारायला सुरुवात केली. अशा वेळी एक्सपी म्हणतो की नाव किंवा पासवर्ड चुकला, आणि आपण बिचारे तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा टाइप करत बसतो.

इथे मात्र एक्सपीची बाजू घ्यावीशी वाटते. एनटीएलएमची दुसरी, पुष्कळ बरी आवृत्ती त्याला येते, फक्त तो आपणहून वापरत नाही. एक्सपी प्रोफेशनलमध्ये रनमधून 'सेकपॉल डॉट एमएससी' उघडायचं, सिक्युरिटी ऑप्शन्समध्ये 'लॅन मॅनेजर ऑथेंटिकेशन लेव्हल' शोधायचं आणि 'सेंड एनटीएलएमव्ही२ रिस्पॉन्स ओन्ली' निवडायचं. होम आवृत्तीत ही खिडकी नाही. तिथे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत, 'एलएमकम्पॅटिबिलिटीलेव्हल'ची किंमत ३ करावी लागते.

भाषेचं कोडं मी दुभाषी बसवून सोडवलं. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर घरात पडून होता. त्याचा वाय-फाय घरच्या राउटरला जोडला आणि लॅनची वायर सरळ एक्सपीला. नॅसवर काकांच्या कामापुरता एकच फोल्डर आणि एकच वापरकर्ता केला. पाय तो फोल्डर एसएमबी ३ ने स्वतःकडे जोडून घेतो आणि सांबातून एक्सपीला जुन्या बोलीत दाखवतो. त्याच्या सांबाला सांगितलंय, किमान प्रोटोकॉल एनटी१ (म्हणजे एसएमबी १), आणि ऐकायचं फक्त वायरच्या बाजूने. एक्सपीला १९२.१६८.५०.२ हा कायमचा पत्ता दिला आणि गेटवेची जागा रिकामी सोडली. गेटवे नाही म्हणजे इंटरनेट नाही. कुणी कितीही धोकादायक बोली बोलो, ती ऐकणारे दोघंच, आणि मध्ये दीड मीटर वायर.

एफटीपीनेही जमलं असतं. फाइल पाठवण्याची ती पद्धत एसएमबीहून जुनी. तिचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला, जे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून एमआयटीला गेले होते. पण तिच्यात पासवर्ड उघडा जातो. आणि काकांना फोल्डर 'झेड' ड्राइव्ह म्हणूनच हवा होता.

वेगाची तक्रार नाही. एक्सपीचं लॅन कार्ड १०० मेगाबिटचं, त्यामुळे सेकंदाला ११-१२ एमबी ही कमाल मर्यादा. पेजमेकरच्या फाइलला तेवढं पुरतं. जुनं एसएमबी साधारण ६० केबीचा घास मागतं, तो आला की पुढचा. जवळच्या वायरीवर हे जाणवत नाही. जाऊन-येऊन पन्नास मिलीसेकंद लागणाऱ्या लांबच्या जोडणीवर हाच वेग सेकंदाला सव्वा एमबीवर येईल.

काम आधीसारखंच एक्सपीच्या स्वतःच्या डिस्कवर चालतं. डेस्कटॉपवर एक बॅच फाइल, म्हणजे ओळीने चालणाऱ्या आज्ञांची यादी, ठेवली आहे. तिच्यात एक्सकॉपी या फाइल उतरवणाऱ्या आज्ञेची ओळ, 'डी' या खुणेसह, म्हणजे नव्या तारखेच्या तेवढ्याच फाइल 'झेड'वर जाव्यात. संध्याकाळी काका तिच्यावर दोनदा टिचकी मारतात. काळी खिडकी उघडते, 'जोशी_लग्न_फायनल_फायनल२' अशी नावं सरकत जातात आणि खाली आकडा येतो, किती फाइल गेल्या त्याचा.

महिनाभराने काकांचा फोन आला. "अरे, दिवसभर काम केलंय आणि हे म्हणतंय शून्य फाइल गेल्या."

दुभाषी ठीक होता, नॅसही ठीक होती. खोलीवर गेलो तेव्हा एक्सपीच्या कोपऱ्यात तारीख दिसली, १ जानेवारी २००२. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल मेला होता. वीज गेली की घड्याळ मूळपदावर येत होतं, आणि इंटरनेट मीच तोडलेलं, त्यामुळे वेळ विचारायला कुणी नव्हतं. दिवसभर दुरुस्त केलेल्या पत्रिकांवर २००२ चा शिक्का बसत होता. एक्सकॉपी बघायची, 'झेड'वरची प्रत नवी आहे, आणि ती हातही लावत नव्हती.

सीआर२०३२ सेल गल्लीतल्या घड्याळवाल्याकडे मिळाला. तरी बॅच फाइलमध्ये पहिली ओळ आता 'नेट टाइम'ची आहे: आधी पायला वेळ विचार, घड्याळ लाव, मग फाइल उचल.