दुतोंड्या मारुती आणि अडखळणारी टाइमलाइन

पावसाळ्यात गोदावरीला पाणी चढले की नाशिककर पुराचा अंदाज दुतोंड्या मारुतीवरून घेतात: पाणी गुडघ्यांना लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत आले. काठावर ट्रायपॉड लावून या मूर्तीचे चित्रीकरण केले, तर एकाच चौकटीत अगदी स्थिर दगड आणि अगदी चंचल पाणी अशा दोन्ही गोष्टी मिळतात. व्यावसायिक कॅमेऱ्याची फाइल संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतल्यावर संगणक का अडखळतो, हे समजावून सांगायला मला याहून सोयीचे दृश्य सापडलेले नाही.

आधी थोडा हिशेब करू. 4के चित्राच्या एका चौकटीत 3840 गुणिले 2160, म्हणजे सुमारे 83 लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी एकेक बाइट धरला, तर एक चौकट सुमारे 25 मेगाबाइटची होते आणि सेकंदाला 25 चौकटी या वेगाने एका सेकंदाचे 622 मेगाबाइट होतात. तासाभराचे चित्रीकरण सव्वादोन टेराबाइटच्या घरात जाईल. प्रत्यक्षात अनेक कॅमेरे सेकंदाला 100 मेगाबिट, म्हणजे साडेबारा मेगाबाइटच कार्डावर लिहितात आणि तो तास 45 गीगाबाइटमध्ये मावतो. मूळ माहितीचा हा जेमतेम पन्नासावा भाग झाला.

उरलेली माहिती गेली कुठे? काही भाग रंगातून वाचतो, कारण आपला डोळा उजेडातला फरक जितका बारकाईने टिपतो तितका रंगातला टिपत नाही. त्यामुळे कॅमेरा बहुधा चार शेजारी बिंदूंसाठी रंगाची एकच नोंद ठेवतो. खरी बचत मात्र काळात होते. 2003 साली प्रमाणित झालेली एच.264 ही पद्धत चौकटीचे 16 गुणिले 16 बिंदूंचे चौकोन पाडते आणि मागच्या चौकटीच्या तुलनेत प्रत्येक चौकोनात काय बदलले, तेवढेच लिहिते. मारुतीच्या दगडी छातीवरचे चौकोन ‘जसेच्या तसे’ एवढ्या नोंदीत संपतात. शेजारच्या खळाळत्या पाण्याच्या चौकोनांना मात्र जागा खर्चावी लागते. रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याच्या हौदात, धप्पा (उडी) मारणाऱ्यांचे चित्रीकरण केले, तर उडणाऱ्या रंगीत पाण्यात ‘जसेच्या तसे’ असे फारसे काही उरतच नाही आणि चित्र जागोजागी चौकोनी फुटलेले दिसते, ते याचमुळे.

अशा फाइलमध्ये साधारण दर 12 किंवा 15 चौकटींमागे एकच चौकट पूर्ण असते. मधल्या चौकटी म्हणजे केवळ फरकांच्या नोंदी. त्यांतल्या काही तर मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चौकटींवर विसंबतात. फाइल सरळ पाहायची असेल तेव्हा हे सारे सुरळीत चालते. संकलक मात्र सरळ पाहत नाही. तो मागे जातो, पुढे येतो, नेमक्या अकराव्या चौकटीवर कट मारतो. ती एक चौकट दाखवण्यासाठी संगणकाला आधीच्या पूर्ण चौकटीपासून हिशेब जुळवत यावे लागते, आणि तीन कॅमेरे एकाच वेळी टाइमलाइनवर, म्हणजे संकलनाच्या पट्टीवर, असतील तर हेच काम तिप्पट होते. त्र्यंबकेश्वरला 1870 मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट करून फिल्मवर टिपली होती. त्या पट्टीची कुठलीही चौकट कापली तरी ती आपल्यापुरती पूर्णच होती. आपण जागेच्या मोबदल्यात नेमकी ही सोय गमावली आहे.

प्रोरेस (2007) किंवा डीएनएक्सएचडी (2004) यांसारख्या संकलनासाठीच्या कोडेकमध्ये, म्हणजे चित्र आवळून साठवण्याच्या पद्धतींमध्ये, ही सोय परत मिळते, कारण त्यांत प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे साठवलेली असते. किंमत जागेची असते: मघाचा 45 गीगाबाइटचा तास प्रोरेस 422 मध्ये सुमारे 221 गीगाबाइट होतो. फाइल पाचपट झाली म्हणजे चित्रही सुधारले, असा समज मला फार वेळा भेटतो आणि तो साफ चुकीचा आहे. कार्डावर जे लिहिलेच गेले नाही, ते रूपांतराने परत येत नाही.

सॉफ्टवेअर फाइल घेतच नसेल, तर दोष प्रत्येक वेळी कोडेकचा नसतो. एमएक्सएफ, एमओव्ही, एमपी4 ही केवळ चित्र आणि आवाज ज्यांत भरतात त्या डब्यांची नावे आहेत; आतला कोडेक सॉफ्टवेअरला चालत असेल, तर एफएफएमपेगसारखे साधन चित्राला हात न लावता नुसता डबा बदलून देते, आणि तासांचे काम मिनिटांत होते.

डब्याइतकीच महत्त्वाची असते फोल्डरांची रचना. पॅनासॉनिकच्या पी2 कार्डावर ‘कंटेंट्स’ या फोल्डरात चित्र, आवाज आणि क्लिपची माहिती वेगवेगळ्या उपफोल्डरांत असते. सुरुवातीच्या काळात मी एका कार्यक्रमाचे असे कार्ड रिकामे करताना केवळ ‘व्हिडिओ’ हे जड फोल्डर उचलले आणि बाकीचे किरकोळ समजून सोडून दिले. घरी येऊन पाहतो तो दोन तासांची भाषणे मुकी. कार्ड अजून पुसले गेले नव्हते, म्हणून निभावले. त्या दिवसापासून मी कार्डावरची पूर्ण रचना नावे न बदलता उतरवतो. एफएटी32 पद्धतीच्या कार्डावर एक फाइल 4 गीगाबाइटपेक्षा मोठी होऊ शकत नाही, त्यामुळे लांबलचक शॉटचे तुकडे पडतात. ते सलग जोडण्यासाठी लागणारी माहितीही याच रचनेत असते.

सगळेच फुटेज पाचपट फुगवण्याइतकी डिस्क प्रत्येकाकडे नसते. अशा वेळी मी प्रॉक्सी, म्हणजे कमी बिंदूंच्या हलक्या प्रती रात्री लावून ठेवतो, त्यांवर कट ठरवतो आणि शेवटच्या रेंडरला, म्हणजे अंतिम फाइल बनवताना, सॉफ्टवेअरला मूळ फाइलींकडे वळवतो. प्रॉक्सीचे नाव, टाइमकोड (प्रत्येक चौकटीची वेळेची नोंद) आणि आवाजाचे ट्रॅक मूळ फाइलीप्रमाणेच ठेवले, तर ही अदलाबदल बिनबोभाट होते. एक ट्रॅक जरी कमी केला, तर सॉफ्टवेअर जोडणी नाकारू शकते, आणि मग प्रॉक्सी पुन्हा बनवण्यात आणखी एक रात्र जाते.