खाऱ्या वाऱ्यातला सांधा

आमच्या गुहागरच्या घराच्या गेटची खालची बिजागरी यंदा आगोटीच्या तोंडावर सुटली. वरची अजून शाबूत आहे. कोकणात बहुतेक गेटांचं असंच होतं. पावसाचे थेंब जमिनीवर आपटून तांबडा चिखल खालच्या भागावर उडतो आणि तिथेच ओला राहतो. त्यात वाऱ्याबरोबर आलेलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. मग लोखंडावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर कायमचाच बसतो आणि गंज पापुद्र्यापापुद्र्याने फुगत जातो.

घरी छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आहे. पहिल्या वेळी वरवर ब्रश मारून मी सांधा केला. दिसायला भरीव होता, पण दोनच दिवसांत तुटला. तुटलेली बाजू उन्हात धरली, तर आत टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रंच छिद्रं. घावनाला अशी जाळी पडली की आपण खूश होतो; सांध्यात ती म्हणजे तेवढं लोखंड कमी.

ही जाळी पाण्यामुळे पडते. आपलं नेहमीचं माइल्ड स्टील १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, तर आर्कचं, म्हणजे वेल्डिंगचा रॉड आणि लोखंड यांच्यात पेटणाऱ्या विजेच्या झोताचं, तापमान ५००० अंशांच्या घरात असतं. गंज दिसतो कोरडा, पण त्याच्या रेणूंत पाणी बांधलेलं असतं. आर्कच्या उष्णतेत ते फुटून हायड्रोजन सुटतो. वितळलेल्या लोखंडात हा वायू भरपूर विरघळतो, मात्र लोखंड थिजताना ती क्षमता एकदम घटते. बाहेर पडायला वेळ न मिळालेले बुडबुडे आतच अडकतात. तेल आणि जुना रंगही असाच वायू सोडतात.

म्हणून घासण्याचा कंटाळा करू नका. चकचकीत धातू दिसेपर्यंत ग्राइंडर फिरवा. पापुद्र्यांखाली पत्रा कागदासारखा उरला असेल, तर त्यावर सांधा धरणार नाही. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापून नवा तुकडा बसवावा. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पाइप असेल तर तो थरही आधी काढा. जस्त ९०७ अंशांनाच उकळतं आणि त्याच्या धुराने रात्री थंडीताप भरतो.

रॉड म्हणजे वितळून सांधा भरणारी लोखंडी काडी. तिच्यावरच्या लेपाचं काम मला फार सुंदर वाटतं. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी लेप दिलेल्या रॉडचं पेटंट १९०७ साली घेतलं. लेप जळून वायूचं कवच तयार होतं, हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन बाजूला ठेवतं आणि वर स्लॅगची, म्हणजे लेप वितळून झालेल्या मळीची, साय धरते. पण हाच लेप आपल्याकडच्या दमट हवेत ओल धरतो. पुडा फोडला की रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. ६०१३ या प्रकारचा रॉड सर्दावलाच, तर साधारण १०० ते १२० अंशांवर तासभर सुकवावा. लेपाचे टवके निघत असतील तर टाकून द्यावा.

अडीच मिलिमीटरच्या रॉडला मी ७० ते ८० अँपिअर ठेवतो. अर्थिंगचा क्लॅम्प, म्हणजे मशीनच्या दुसऱ्या तारेचा चिमटा, सांध्याजवळ, घासलेल्या जागी लावतो. रॉडचं टोक त्याच्या जाडीएवढंच दूर ठेवलं की तळणीसारखा एकसारखा चर्र आवाज येतो. टोक लांब गेलं की तो फडफडतो आणि शिंतोडे उडतात.

घामाची मला खरी भीती वाटते. काम थांबलेलं असतानाही रॉड धरायच्या होल्डरवर ६०-७० व्होल्ट असू शकतात आणि खारा घाम वीज चांगली वाहून नेतो. चामड्याचे हातमोजे कोरडे हवेत, पायात रबरी तळव्याचे बूट हवेत, आणि जमीन ओली असेल तर कामच नको. सुक्या झावळ्या आणि पेंढा दूर हलवून पाण्याची बादली जवळ ठेवावी. डोळ्यांसमोर वेल्डिंगची दहा नंबरची काळी काच हवीच. आर्कच्या अतिनील किरणांनी बुबुळ भाजतं, ते कळतं काही तासांनी, मध्यरात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन. बघत उभ्या राहिलेल्या मुलांनाही हाच धोका असतो, त्यांना आधी घरात पाठवा.

सांधा थंड झाला की स्लॅग ठोकून कोपऱ्यांतूनही काढायचा, कारण त्याच्या फटीत ओल साचते. मग त्याच दिवशी रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा तांबडा प्राइमर. आमच्याकडे रात्रभर उघडं राहिलेलं घासलेलं लोखंड सकाळी तांबूस झालेलं असतं.