आयओवेट म्हणजे अवेट नव्हे

लिनक्सचा सर्व्हर संथ झाला, कुणीतरी यंत्रावरचा भार दाखवणारा टॉप उघडला, 'डब्ल्यूए'च्या, म्हणजे आयओवेटच्या शेजारी 30 दिसले आणि लगेच निदान झाले: डिस्क गेली, वेगवान एनव्हीएमई डिस्क मागवा. हिंजवडी असो, खराडी असो की मगरपट्टा, रात्रीच्या कॉलवर हे वाक्य ठरलेले. त्याहून महाग पडते ते उलटे वाक्य: 'आयओवेट शून्य आहे, म्हणजे डिस्क ठीक आहे, क्वेरी लिहिणाऱ्यांकडे पाठवा.' मग क्वेरीवाले दोन दिवस इंडेक्स तपासत बसतात आणि डिस्क तिकडे प्रत्येक वाचनाला 60 मिलिसेकंद घेत असते. दोन्ही वाक्ये एकाच गोंधळातून येतात, आयओवेटलाच अवेट, म्हणजे डिस्कला लागणारा वेळ समजण्याच्या, आणि प्रशिक्षण वर्गांच्या नोट्समध्ये हा गोंधळ वर्षानुवर्षे तसाच उतरवला जातो.

अवेट तुम्हाला माहीत आहे असे धरून चालतो. डिस्कचे आकडे दाखवणारी आयओस्टॅट ही आज्ञा 'डॅश एक्स' लावून चालवली की दिसणारा मिलिसेकंदांतला आकडा. विनंती कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ब्लॉक लेयरमध्ये, म्हणजे डिस्कच्या विनंत्या सांभाळणाऱ्या थरात, शिरल्यापासून डिस्कने ती पुरी करेपर्यंत सरासरी किती वेळ गेला, रांगेत काढलेला वेळ धरून. तो डिस्कबद्दल बोलतो. एवढे पुरे.

आयओवेट प्रोसेसरबद्दल बोलतो. एखादा कोर रिकामा बसला की कर्नलला तो वेळ कुठल्या तरी खात्यात टाकावा लागतो. त्या कोरवरून झोपी गेलेले एखादे काम इनपुट-आउटपुटची वाट पाहत असेल, तर रिकामा वेळ 'आयओवेट'मध्ये जमा होतो. नसेल तर साध्या 'आयडल'मध्ये. बाकी काही नाही. आयओवेट हा रिकाम्या वेळाचाच एक पोटहिस्सा आहे. त्या वेळात कोर अडकलेला नसतो. दुसरे काम आले तर तो तत्क्षणी ते हाती घेतो. म्हणूनच ज्या डॅशबोर्डवर आयओवेट 'वापरलेल्या सीपीयू'त मिळवून लाल रंगात दाखवतात, ते मला अजिबात चालत नाहीत. 90 टक्के आयओवेट असलेला प्रोसेसर 90 टक्के मोकळा आहे.

म्हणजे हा आकडा वर जायला दोन गोष्टी एकाच वेळी घडाव्या लागतात: कुणीतरी डिस्कसाठी थांबलेले हवे आणि कोरला दुसरे काम नको. यातली दुसरी अट लोक विसरतात, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

सदाशिव पेठेतली एखादी खानावळ घ्या. पीठ गिरणीतून यायचे आहे आणि पोळ्या लाटणाऱ्या मावशी हात बांधून बसल्या आहेत. मालकाने त्यांना भाजी चिरायला बसवले, तर मावशींचा रिकामा वेळ संपला. गिरणीवरची रांग तेवढीच आहे, पीठ तेवढ्याच उशिरा येणार आहे आणि गिऱ्हाईक पोळीसाठी तसेच ताटकळत आहे. मावशी किती वेळ बसून होत्या ते आयओवेट, आणि डबा गिरणीत ठेवल्यापासून दळून हातात पडेपर्यंतचा वेळ तो अवेट. गिरणीची चौकशी करायला निघालेला माणूस मावशींकडे पाहून काय शिकणार?

पटत नसेल तर चार कोरच्या मोकळ्या यंत्रावर करून पाहा. एका टर्मिनलमध्ये डीडी या नकल करणाऱ्या आज्ञेने डिस्क थेट वाचायला लावा, चार-चार किलोबाइटचे तुकडे, 'डायरेक्ट' झेंडा (फ्लॅग) लावून, म्हणजे पेज कॅशे, मेमरीत ठेवलेली डिस्कवरच्या मजकुराची प्रत, मध्ये येणार नाही. एकच काम थांबते आहे, म्हणून आयओवेट 25 टक्क्यांच्या आसपास जाऊन स्थिरावेल. आता ते वाचन चालू ठेवून दुसऱ्या टर्मिनलमधून चार रिकामी, न संपणारी लूप सुरू करा. आयओवेट शून्याला टेकेल. आयओस्टॅटमधला वाचनाचा अवेट थोडाफार इकडेतिकडे होईल, पण जागचा हलणार नाही. डिस्क तीच, भार तोच, फक्त मावशी भाजी चिरायला बसल्या.

हेच वाचन 64 कोरच्या यंत्रावर चालवले तर आयओवेट जेमतेम दीड टक्का दिसेल. तरीही सगळ्या सर्व्हरना सरसकट 'आयओवेट 20 टक्क्यांवर गेला की अलर्ट' हा एकच नियम लावलेला मी पाहतो. हा नियम काढून टाका. छोट्या यंत्रावर तो उगाच झोपमोड करतो, आणि मोठ्या यंत्रावर डेटाबेसचा एकमेव लिहिणारा धागा (थ्रेड) तासभर अडकून पडला तरी बोलत नाही.

कर्नलवाल्यांनी हे लपवलेले नाही. कर्नल आपले आकडे जिथे मांडतो त्या प्रॉक फाइलप्रणालीच्या मॅन्युअलमध्येच स्वच्छ लिहिले आहे की हा आकडा विश्वासार्ह नाही: सीपीयू स्वतः कधी थांबत नसतो, अनेक कोर असताना वाट पाहणारे काम कुठल्याच कोरवर नसते, आणि काही परिस्थितीत हा आकडा चढण्याऐवजी चक्क उतरूही शकतो. सोलारिस या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमने तर 10व्या आवृत्तीपासून तो मोजणेच सोडले. रकाना ठेवला आणि त्यात कायमचे शून्य घातले. मला तो निर्णय योग्य वाटतो. लिनक्सवर 2023 साली उलटा प्रकार झाला. आयओ-युरिंग या कर्नलच्या इनपुट-आउटपुट सोयीमध्ये थांबण्याची पद्धत बदलली, आणि ती वापरणाऱ्या मारियाडीबी या डेटाबेसचे निवांत पडलेले सर्व्हर एकाएकी प्रचंड आयओवेट दाखवू लागले. डिस्कवर हालचाल जवळपास नव्हती. पुढे कर्नलमध्ये दुरुस्ती आली, पण तोवर कितीतरी जणांनी निरोगी डिस्कवर संशय घेतला होता.

किरकोळ फरक भरभर. आयओवेट टक्क्यांत, अवेट मिलिसेकंदांत. एक प्रॉकखालच्या स्टॅट फाइलमधून येतो, दुसरा डिस्कस्टॅट्समधून. आयओस्टॅटचा पहिला अहवाल यंत्र सुरू झाल्यापासूनची सरासरी असतो, तो वाचू नका. 'डॅश वाय' दिले की तो येतच नाही. जुन्या आवृत्तीत 'एसव्हीसीटीएम' हा रकाना दिसला तर दुर्लक्ष करा, आयओस्टॅट ज्यात येतो त्या सिसस्टॅटच्या कर्त्यांनीच त्यावर विश्वास ठेवू नका असे लिहून शेवटी तो काढून टाकला. 'युटिल' या रकान्यात 100 म्हणजे डिस्कची क्षमता संपली, हे एका वेळी एकच विनंती हाताळणाऱ्या फिरत्या डिस्कपुरते ठीक होते. अनेक विनंत्या समांतर झेलणाऱ्या एसएसडीवर त्याचा अर्थ एवढाच, की त्या काळात डिस्ककडे सतत निदान एक तरी विनंती होती.

अवेट मात्र नीट वाचावा लागतो, कारण तो खरा असला तरी एकटा पुरा बोलत नाही. वाचन आणि लेखन यांचे आकडे वेगळे पाहा. साधे लेखन आधी पेज कॅशेत जाते आणि कर्नल ते मागाहून डिस्कवर ढकलतो. त्या घाऊक ढकलण्यात लेखनाचा अवेट 200 मिलिसेकंद झाला तरी वापरणाऱ्याला कळतही नाही. वाचनाचा अवेट 20 झाला की कळते, कारण समोर कुणीतरी त्याच विदेसाठी थांबलेले असते. डेटाबेसचा लॉग याला अपवाद: तिथे एफसिंक, म्हणजे 'आत्ताच डिस्कवर लिही' हा हुकूम, परत येईपर्यंत कमिट (व्यवहार पक्का होणे) अडते, म्हणून तिथे लेखनाचा आकडाही तितकाच महत्त्वाचा.

दुसरे, अवेटशेजारी रांगेची लांबी ठेवा. रांगेची सरासरी लांबी म्हणजे सेकंदाला पुऱ्या होणाऱ्या विनंत्या गुणिले अवेट. क्लाउडवर हे फार उपयोगी पडते. मायक्रोसॉफ्टच्या अॅझ्युअर क्लाउडचे 'सेंट्रल इंडिया' केंद्र पुण्यातच आहे, तेव्हा इथल्या बऱ्याच जणांना त्याच्या डिस्क ओळखीच्या असतील. तिथल्या 128 गिबिबाइटच्या 'पी10' प्रीमियम डिस्कला सेकंदाला 500 विनंत्यांची मर्यादा आहे; कमी वापराच्या काळात साठलेले क्रेडिट असेपर्यंत ती 3,500 पर्यंत उसळते. क्रेडिट संपले आणि तुमचे अॅप एका वेळी 32 विनंत्या सोडत असेल, तर 32 भागिले 500, म्हणजे 64 मिलिसेकंद अवेट दिसणारच. डिस्क बिघडलेली नाही, तुम्ही विकत घेतलेली मर्यादा गाठली आहे. विनंत्यांचा आकडा 500 वर सपाट आणि रांग लांब, हे चित्र दिसले की सपोर्टला तिकीट टाकण्याआधी डिस्कचा आकार बघा.

आणि 'डिस्कमुळे माझी कामे किती खोळंबतात' हाच तुमचा प्रश्न असेल, ज्यासाठी लोक आयओवेटकडे धावतात, तर त्याचे उत्तर कर्नल 4.20 पासून वेगळे मिळते. प्रॉकखाली प्रेशर नावाची निर्देशिका आहे, तिच्यातली आयओ फाइल वाचा. 'सम' (इंग्रजीतले 'काही') ही ओळ निदान एक काम खोळंबल्याचा वेळ सांगते, 'फुल' (म्हणजे 'पूर्ण') ही सगळीच कामे एकदम खोळंबल्याचा, आणि दोन्ही 10, 60 व 300 सेकंदांच्या सरासरीने. मघाचा चार लुपांचा प्रयोग करून ही फाइल पाहिलीत तर 'फुल' खाली येईल, कारण लुपांचे काम चालू आहे. पण 'सम' शून्यावर येणार नाही, कारण डीडी अजून अडकलेलाच आहे. रेड हॅट 8 या लिनक्सवर ही सोय (तिचे नाव पीएसआय) मुळात बंद असते. बूटच्या ओळीत 'पीएसआय बरोबर 1' लिहून यंत्र पुन्हा सुरू करावे लागते. अलर्ट लावायचा तो या 'सम'वर आणि वाचनाच्या अवेटवर लावा, आणि टॉपमधल्या 'डब्ल्यूए'वरून कुणाला रात्री उठवू नका.